बटण दाबायचा मान

केशवराव अळसपुरे मला पहिल्यांदा भेटले ते परतवाड्याहून अमरावतीला येणाऱ्या एसटीत, आणि त्या प्रवासातून मी शाबूत उतरलो हे माझ्या घरचे अजून खरं मानत नाहीत. ते माझ्या शेजारी बसले असं म्हणता येणार नाही. ते आधी माझ्यावर बसले आणि मग सवडीनं शेजारी सरकले. बस स्टँडबाहेर पडायच्या आत त्यांनी माझं गाव, मामेकुळ, पगार आणि पित्ताचा त्रास एवढं सगळं काढून घेतलं होतं. आसेगाव येईपर्यंत माझा मोबाईल त्यांच्या हातात गेला होता.

"तुमी याचे पैसे देऊन राहिले?" गाण्यांच्या एका ॲपवर बोट ठेवून त्यांनी विचारलं.

दर महिन्याला देतो म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी जणू रसवंतीवर जाऊन उसाचा चोथा विकत घेतला होता.

"काहून देता गा? जगात समदं फुकट पडलं हाये. ओपन सोर्स म्हणतेत त्याले. कोणीबी घ्या, उघडा, बदला, वापरा. अन् तुमी लोक पैसे मोजून राहिले."

वलगाव गेलं तेव्हा माझ्या मोबाईलमधली प्रत्येक विकतची गोष्ट त्यांनी उपटून काढली होती आणि तिच्या जागी फुकटची लावली होती. अमरावतीला उतरलो तेव्हा फोन सोललेल्या कोंबडीसारखा दिसत होता. त्यातलं घड्याळ कुठल्या तरी बर्फाळ देशाची वेळ दाखवत होतं, आणि पुढचे काही दिवस त्यावरून फक्त एकाच माणसाला फोन लागत होता. तो माणूस म्हणजे केशवराव. त्यांनाही मी लावत नव्हतो, तो आपोआप लागत होता.

धामणगाव रेल्वेच्या आयटीआयमध्ये केशवरावांनी सारी उमर वायरमनचा ट्रेड शिकवण्यात घालवली. त्यामुळे जग म्हणजे एक मोठं वायरिंग आहे आणि ते भलत्याच माणसानं केलं आहे, असं त्यांचं ठाम मत होतं. जगात बिघाड दोनच प्रकारचे, असं ते सांगत. एक लूज कनेक्शन आणि दुसरा अकोल्याची माणसं. निवृत्त झाल्यावर अमरावतीला साईनगरात त्यांनी घर बांधलं. घराचं नाव बारीक अक्षरात, आणि त्याच्या चौपट आकाराच्या पाटीवर : 'केशवराव अळसपुरे, सचिव, उपवर-वधू परिचय मंडळ, अमरावती-अकोला'. आयटीआयतली खुर्ची गेली होती, पोरीचं लग्न होऊन गेलं होतं, पेपर सकाळी आठलाच वाचून संपत होता. माणूस म्हणून त्यांच्याकडे शिल्लक होती ती एवढी पाटी. ती रोज पुसायचं काम ते बायकोलाही देत नसत.

पुढं या मंडळात त्यांनी मलाही ओढलं. मंडळाचं मुख्य काम म्हणजे वर्षातून एकदा परिचय मेळावा भरवणं आणि त्यासाठी परिचय पुस्तिका छापणं. पुस्तिकेत समाजातली लग्नाची पोरं-पोरी फोटोसकट असतात, उंची वाढवून आणि वय कमी करून. ही पुस्तिका छापायचे अकोल्याचे नत्थुजी ढोक. जठारपेठेत त्यांचा प्रेस. आणि नत्थुजी हे केशवरावांचे व्याही, आमच्या वऱ्हाडी बोलीत इवाई. केशवरावांची एकुलती एक आरती नत्थुजींच्या घरी दिलेली. म्हणजे ज्या माणसाशी भांडायला केशवरावांचे हात शिवशिवत, त्याच माणसाला मुलीच्या सासऱ्याचा मान देऊन वाकून नमस्कार करणं त्यांना भाग होतं. असला ताण सोसणारी वायर त्यांनी आयटीआयतही पाहिली नव्हती.

दोन वर्षांमागं कहर झाला. नत्थुजींच्या प्रेसमध्ये पानं लावताना सचिवांचा फोटो मनोगताच्या पानावरून सरकला आणि उपवरांच्या पानावर जाऊन बसला. खाली मजकूर : 'वय एकोणतीस, निर्व्यसनी, खाजगी नोकरी'. केशवरावांना दर्यापूरहून एक स्थळ आलं. जमुनाकाकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, त्या लोकांना फोनवर सांगितलं, "पाहून घ्या, पण परत घेणार नाही आम्ही."

पुढच्या वार्षिक सभेत केशवराव उठले आणि म्हणाले, "पुस्तिका बंद. येत्या मेळाव्याले आपली स्वतःची साईट असन. समद्या पोट्टे-पोट्ट्यांची माहिती, फोटो, घरबसल्या. अन् फुकट."

"अन् नाई चालली तं?" नत्थुजी खालच्या आवाजात म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीच खालचा असे. आयुष्यभर मशीनच्या घरघरीत बोलूनही तो कधी चढला नव्हता, याचाही केशवरावांना राग होता.

"मेळाव्याच्या दिवशी साईट नाई चालली तं सचिवपद सोडतो. लिहून घ्या."

सभेनं ते खरोखर लिहून घेतलं. आमच्या मंडळात कामाच्या गोष्टी कुणी लिहून घेत नाही, पण कुणी पायावर धोंडा मारून घेत असेल तर इतिवृत्त तपशीलवार असतं.

आता साईट कुठून आणायची? लग्न जुळवायचं फुकटचं ॲप केशवरावांना सापडलं नाही. सापडलं ते अमेरिकेतल्या कुणा भल्या माणसानं बेवारस कुत्र्यांना घर मिळवून देण्यासाठी बनवलेलं. ओपन सोर्स होतं, कुणीही घ्यावं आणि बदलावं. केशवरावांनी ते बारकाईनं पाहिलं आणि त्यांना फार फरक वाटला नाही. नाव, वय, फोटो, स्वभाव, कुणाला हवा असेल तर संपर्क. त्यांनी सगळ्या फाईली भाषांतराच्या यंत्रातून काढल्या आणि उरलेलं हातानं दुरुस्त केलं. जिथं कुत्र्याची ब्रीड होती तिथं 'पोटजात' आलं. जिथं आधीचा मालक होता तिथं 'मामेकुळ'. 'घराला कुंपण आहे काय' याचं 'शेती किती' झालं. 'लसीकरण' त्यांनी तसंच ठेवलं, आणि लोकांनीही ते काही न विचारता भरलं.

ॲप तयार झालं तरी ते चालवायला जागा लागते. स्वतःचा सर्व्हर घ्यायचा तर खर्च आणि उठाठेव. म्हणून केशवरावांनी एका परदेशी कंपनीची सोय घेतली. तुम्ही फक्त ॲप त्यांच्या स्वाधीन करायचं, बाकी देखभाल ते करतात. पहिली पायरी फुकट. त्यांच्या पानावर एक निळं बटण, त्यावर 'डिप्लॉय'. ते दाबलं की काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी सरसर धावत, चार-पाच मिनिटांनी धावणं थांबे आणि साईट जगाला दिसू लागे. बटणाच्या वर पिवळ्या चौकटीत इंग्रजीत एक सूचना होती. केशवरावांनी हयातभर कवटीची चित्रं असलेले 'खतरा'चे फलक खांबांवर ठोकले होते, पण एकही कधी वाचला नव्हता. ही सूचनाही ते दरवेळी फुलीवर बोट ठेवून मिटवत.

साईट पहिल्यांदा उघडली तेव्हा तीत चार कुत्रे होते. नमुन्यादाखल ते मूळ ॲपमध्येच ठेवलेले होते आणि भाषांतराच्या यंत्रातून मराठी होऊन बाहेर पडले होते. केशवरावांनी त्यांना काढून टाकलं. मग जमुनाकाकूंनी कागदी अर्ज पुढ्यात घेऊन, एका बोटानं, सारे उपवर-वधू साईटवर चढवले. साईनगरात त्या महिनाभर वरण करपत होतं.

इथपर्यंत सगळं ठीक चाललं होतं. पण आमच्याकडे गोष्ट सुरू होऊन भागत नाही. तिचं उद्घाटन व्हावं लागतं आणि ते कुणाच्या तरी शुभहस्ते व्हावं लागतं. आमच्या मंडळात हस्त पुष्कळ आहेत आणि प्रत्येकाला आपला शुभ वाटतो. दसऱ्याला अध्यक्षांच्या हस्ते उद्घाटन ठरलं. नुसती साईट उघडून दाखवण्यात काही दम नाही, म्हणून केशवरावांनी युक्ती काढली, की पाहुण्यानं ते निळं बटण दाबायचं. फीत कापण्यापेक्षा हे भारी. बटण दाबताच काळ्या पडद्यावर ओळी धावल्या, लोकांनी टाळ्या वाजवल्या, शाल दिली, नारळ दिला आणि सगळे चिवडा खायला बाहेर गेले. चिवडा खाऊन परत आले तर साईटवर चार कुत्रे.

"हॅक केलं," केशवराव म्हणाले. "अकोल्याचं काम हाये हे."

त्यांनी पासवर्ड बदलला. जमुनाकाकू पुन्हा बसल्या. तोवर माजी अध्यक्ष रुसले, कारण मंडळ त्यांच्या काळात वाढलेलं. दिवाळीनंतर त्यांच्या हस्ते पुन्हा उद्घाटन झालं, पुन्हा ओळी, टाळ्या, शाल. पुन्हा चार कुत्रे. मग महिला आघाडीनं विचारलं, की बटण दाबायला बायकांना बोट नसतं का? त्यांच्याही हस्ते उद्घाटन झालं. प्रत्येक वेळी केशवराव पासवर्ड आणखी लांब करत होते. शेवटी तो इतका लांब झाला, की तो टाईप करताना मध्ये पाणी प्यावं लागे. आणि प्रत्येक वेळी काकू पहिल्या अर्जापासून सुरुवात करत. साऱ्या समाजाच्या पोरांची उंची त्यांना पाठ झाली होती. रस्त्यात कुणी दिसलं तर त्या म्हणत, "हा पाच-सहा लिहितो, हाये पाच-चार."

एवढं झाल्यावर केशवरावांना सूड सुचला. यंदाचा मेळावा अकोल्याला होता. त्यांनी कार्यकारिणीत ठराव मांडला, की मेळाव्यातलं मुख्य उद्घाटन श्री. नत्थुजी ढोक यांच्याच शुभहस्ते व्हावं. वरवर पाहता इवायाचा मान. आतून हेतू असा, की ज्यानं पुस्तिका छापली त्याच्याच बोटानं पुस्तिकेचा गळा दाबला जावा. पत्रिका छापल्या. छापल्या अर्थात नत्थुजींच्याच प्रेसमध्ये. नत्थुजींनी मुकाट छापल्या आणि कोट शिवायला टाकला.

मेळाव्याच्या आठवडाभर आधी आरती माहेरी आली. आई चौथ्यांदा अर्ज चढवते आहे हे पाहून तिनं बापाचा लॅपटॉप ओढून घेतला. मी तेव्हा तिथंच चहा पीत होतो.

"बाबा, हे पिवळ्यात काय लिहिलं हाये, वाचलं का तुमी?"

"थे जाहिरात असते."

"जाहिरात नाही. ऐका. डिप्लॉय केलं का दरवेळी ते तुमाले नवी कोरी खोली देतात, अन् जुनी सामानासकट मोडून टाकतात. फोटो, माहिती, समदं तिच्यातच होतं. खोली रिकामी दिसली का ॲप आपले नमुन्याचे कुत्रे आणून बसवते."

केशवरावांनी कप खाली ठेवला. "म्हंजे हॅक नाई झालं?"

"कोणाले पडलं हाये तुमची साईट हॅक करायचं?"

"तुया सासऱ्याले."

"त्यायले मेल उघडता येत नाही, बाबा."

मग केशवरावांनी विचारलं, "मंग सामान कायम राहाचं असन तं?"

"वेगळी डिस्क घ्या लागते. कायमची. विकतची हाये."

विकतची. हा शब्द त्या घरात याआधी फक्त भाजीच्या बाबतीत बोलला गेला होता. महिन्याला दोन प्लेट कचोरीइतका तो खर्च होता. आरती म्हणाली, मी भरते. मी म्हटलं, मी भरतो. पण केशवरावांनी एसटीत माझ्याकडे पाहिलं होतं तसंच पाहिलं आणि मान हलवली. जन्मभर ज्याला शिव्या दिल्या, ते मेळाव्याच्या तोंडावर करायचं नाही. तत्त्व म्हणजे तत्त्व. हे तत्त्व चार वेळा बायकोच्या एका बोटावर चाललं होतं, हा तपशील त्यांच्या नजरेतून सुटला.

"मंग एवढंच करा," आरती म्हणाली, "मामंजींना बटण दाबू देऊ नका."

ते शक्य नव्हतं हे तिलाही ठाऊक होतं. पत्रिका वाटून झाल्या होत्या. भर सभेत मुलीच्या सासऱ्याच्या हातून माऊस काढून घेणं म्हणजे आरतीनं पुढची पंधरा वर्षं टोमणे ऐकणं. आणि दाबू द्यावं तर साईट रिकामी, सचिवपद गेलं, गेटवरची पाटी गेली. केशवराव दोन दिवस घरातल्या घरात फिरले. तिसऱ्या दिवशी मला फोन आला. या खेपेला मुद्दाम लावलेला.

"सर्किट ओपन ठेवाचं, भाऊ," ते म्हणाले.

ओपन म्हणजे मध्येच तोडलेलं, करंट जातच नाही. बेत वायरमनला शोभणारा होता. नत्थुजींच्या हातात बिनवायरचा माऊस द्यायचा. त्यातला सेल आधीच काढून ठेवायचा. इवाई बटण दाबतील, काही होणार नाही, आणि त्याच क्षणी लॅपटॉपशी बसलेले केशवराव भरलेली साईट पडद्यावर आणतील. टाळ्या. मानही राहिला, सामानही राहिलं.

"काकूंना सांगितलं का?" मी विचारलं.

"तिले कायले सांगता? मंग तिले हेबी सांगा लागन, का कुत्रे मीच आणत होतो."

अकोल्याला गोरक्षण रोडवरच्या मंगल कार्यालयात मेळावा भरला. कार्यालय खच्चून भरलं होतं. पुढं मोठा पडदा, पडद्याशेजारी लॅपटॉप आणि लॅपटॉपशी केशवराव, कपाळावर घाम. पहिल्या रांगेत जमुनाकाकू आणि त्यांची विहीण एकमेकींच्या साड्यांची खोटी स्तुती करत बसल्या होत्या. निवेदक गोपाल बोंडे. हा गृहस्थ हातात माईक असताना समोर जे दिसेल ते वाचतो. एकदा त्यानं श्रद्धांजलीच्या सभेत पंख्यावरचं कंपनीचं नाव वाचून दाखवलं होतं.

नत्थुजी नव्या कोटात व्यासपीठावर आले. अकोल्याच्या त्या उन्हात कोट म्हणजे माणसानं स्वतःला भट्टीत लावणं, पण मान तो मान. त्यांनी माऊस हातात घेतला, बटण दाबलं. केशवरावांचं बोट लॅपटॉपवर होतंच. पण नत्थुजींचं सारं आयुष्य मशीनवर गेलेलं. मशीन चालू आहे की नाही हे पाहिल्याशिवाय ते टाळ्या घेणारे नव्हते. त्यांनी माऊस उलटा केला.

"इवाई, याचा लाल लाईट लागून नाही राहिला."

"असू द्या, चालते तसं," केशवराव म्हणाले.

"कसं चालन? सेल नाही याच्यात."

सभागृहात खसखस पिकली. विहीण जमुनाकाकूंकडे वळून म्हणाल्या, "आमच्या ह्यांना बोलवायचं अन् बिनसेलाचं द्यायचं. राहू द्या, आम्ही काय बोलणार."

काकूंच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्या उठल्या, बाजूच्या भिंतीशी गेल्या, खुर्चीवर चढल्या, कार्यालयाचं घड्याळ उतरवलं आणि त्यातला सेल काढून व्यासपीठावर आल्या. केशवराव त्यांच्याकडे पाहून डोळ्यांनी, भुवयांनी, अखेर सगळ्या चेहऱ्यानं नको नको म्हणत होते. पस्तीस वर्षांच्या संसारात काकूंनी त्या चेहऱ्याकडे पाहणं केव्हाच सोडून दिलं होतं.

"घ्या इवाई," त्या म्हणाल्या. "आमच्या यायचं असंच असते. कामाच्या वक्ताले इसरतेत."

लाल लाईट लागला. पडद्यावर निळं बटण होतं, कारण बेत खरा वाटावा म्हणून केशवरावांनी तेच पान उघडून ठेवलं होतं. नत्थुजींनी नीट नेम धरून ते दाबलं.

काळा पडदा, पांढऱ्या ओळी. लोकांनी टाळ्या वाजवल्या. गोपालनं तेवढ्या वेळात दोन शेर म्हटले आणि एक सत्कार उरकला. केशवराव लॅपटॉपसमोर बसून होते, आगगाडीखाली निघालेल्या आपल्याच सायकलीकडे पाहावं तसे. ओळी थांबल्या. साईट उघडली. गोपालनं माईक तोंडाशी नेला आणि समोर जे दिसलं ते खणखणीत आवाजात वाचलं.

"पहिले उपवर, चिरंजीव रॉकी. वय तीन वर्षं. पोटजात लॅब्राडोर आणि इतर. मामेकुळ माहीत नाही, रस्त्यावर सापडला. स्वभाव प्रेमळ. लसीकरण झालेले. अनोळखी माणसावर भुंकतो, पण चावत नाही."

मग त्यानं पडद्यावरच्या फोटोकडे पाहिलं. पण तोवर सवयीनं पुढची ओळही तोंडातून गेली होती, "इच्छुकांनी त्वरित संपर्क साधावा."

तिसऱ्या रांगेतून वर्षालीचा आवाज आला. ही पोरगी एम.कॉम., बँकेत नोकरीला, आणि या मेळाव्यांना येऊन येऊन आता कंटाळलेली. आपल्या आईला ती म्हणाली, "आजवर दाखवलेल्यांत याचाच स्वभाव खरा लिहिलेला वाटते."

मग मात्र छप्पर उडायचंच बाकी राहिलं. पोरं खुर्च्यांवर लोळली. अध्यक्षांनी हसू येऊ नये म्हणून चष्मा काढला आणि तो पुसता पुसता हसले. जमुनाकाकू तेवढ्या हसल्या नाहीत. त्या पडद्याकडे पाहत होत्या, मग नवऱ्याकडे, मग नत्थुजींच्या हातातल्या माऊसकडे, आणि पुन्हा नवऱ्याकडे.

"म्हंजे दरवेळी हेच व्हत होतं काय?" त्यांनी विचारलं. केशवरावांनी टाय सैल केला. तो त्यांनी लावलेलाच नव्हता.

नत्थुजी लॅपटॉपपाशी आले, खाली वाकले आणि त्या नेहमीच्या खालच्या आवाजात म्हणाले, "इवाई, कुत्रे लय देखणे हायेत." मग त्यांनी व्यासपीठावरच्या टेबलाची चादर वर उचलली. खाली गठ्ठे होते. यंदाच्या परिचय पुस्तिका, नव्या कोऱ्या, शाईचा वास येत असलेल्या. निम्म्या लोकांनी साईटवर भरवसा न ठेवता दरवर्षीसारखे अर्ज त्यांच्याकडे पाठवले होते. उरलेले त्यांनी फोन करून मागवले होते.

"हे केव्हा छापलं?" केशवरावांनी विचारलं.

"पत्रिका छापल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी. म्हटलं लागली तं लागली."

लोक पुस्तिकांवर तुटून पडले. मेळावा उत्तम झाला. मी एक पुस्तिका चाळून पाहिली. उपवरांच्या पानावर या खेपेला सचिवांचा फोटो नव्हता. मनोगताच्या पानावर होता, सरळ, स्वच्छ, नावासकट. तो इतका चांगला छापला होता, की ती खोडी होती की मोठेपणा, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

केशवरावांनी त्याच संध्याकाळी राजीनामा दिला. कार्यकारिणीनं तो चर्चेविना मंजूर केला. नवे सचिव नत्थुजी. साईनगरातल्या गेटवर पाटी होती तिथं आता दुधाची पिशवी लटकते.

साईट अजून चालू आहे. तीत चार कुत्रे आहेत.